विश्लेषण : गिटारच्या पडद्यांत न मावणारा गंधार... मिरजेच्या खाँसाहेबांची छाया आजच्या घरगुती रेकॉर्डिंगवर कशी?

घरातल्या खोलीत मोबाइल उशीवर टेकवून गिटारवर भैरवी किंवा झिंझोटीचा तुकडा वाजवणारे तरुण आज गावोगावी आहेत. सांगलीजवळचे माधवनगरही त्याला अपवाद नाही. असा तुकडा ऐकताना अनेकदा जाणवते, की वादकाने सूर बरोबर दाबले, ताल सांभाळला, तरी काहीतरी किंचित खटकते आहे. हे खटकणे कुठून येते, याचे उत्तर शोधू लागले की वाट थेट मिरजेला जाते. माधवनगरहून रेल्वेने सांगली, विश्रामबाग आणि मग मिरज. तिथे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला. अचूक स्वराचा ध्यास घेतलेल्या या गायकाचे आयुष्य आणि त्यांच्यावरचे प्रभाव समजून घेतले, तर गिटारवरचा तो खटकणारा सूरही समजतो.

कोण होते अब्दुल करीम खाँ?

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी कैराना येथे झाला. हे गाव आज उत्तर प्रदेशच्या शामली जिल्ह्यात आहे. याच गावाच्या नावावरून घराण्याला किराणा हे नाव मिळाले. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. घरात सारंगी आणि बीन या दोन वाद्यांची परंपरा होती. अब्दुल करीम यांचा हातही या वाद्यांवर बसला, पण नाव झाले ते गाण्यात.

या पार्श्वभूमीकडे थोडे थांबून पाहायला हवे. सारंगीला पडदे नसतात. वादक नखाच्या कडेने तार अडवून स्वर काढतो. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. बीनला, म्हणजे रुद्रवीणेला, पडदे असतात, पण तार ओढून लांब मींड काढणे हाच तिचा आत्मा. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या कानाला स्वर म्हणजे एक ठिपका असे कधी वाटलेच नाही. स्वर ही हळूहळू गाठायची जागा आहे, हा संस्कार त्यांच्यावर आधी वाद्यांनी केला. पुढे त्यांच्या गाण्यातली संथ, एकेक स्वर उलगडत जाणारी आलापी लोकांना भावली, तिचे मूळ इथे आहे.

कैरान्याचा गायक मिरजेला कसा आला?

तरुणपणी अब्दुल करीम आणि त्यांचे बंधू अब्दुल हक ही जोडी गाण्यासाठी फिरत असे. फिरतीत ते बडोद्याला पोहोचले. सयाजीराव गायकवाडांचे संस्थान तेव्हा कलावंतांचे मोठे आश्रयस्थान होते. बडोद्यातच खाँसाहेबांची ओळख ताराबाई माने यांच्याशी झाली. ताराबाई दरबाराशी संबंधित प्रतिष्ठित मराठा घराण्यातल्या. धर्म वेगळा, सामाजिक स्थान वेगळे. तरीही दोघांनी एकत्र राहण्याचे ठरवले आणि बडोदा सोडले. मुंबईमार्गे हे कुटुंब शेवटी मिरजेत स्थिरावले.

मिरजच का, याची कारणे त्या गावाच्या भूगोलात आणि इतिहासात आहेत. मिरज पटवर्धनांचे संस्थान होते आणि तिथे गाण्याचा राबता जुना होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी याच परिसरात रुजवली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिक्षण मिरजेतच झाले. त्याशिवाय मिरज हे रेल्वेचे जंक्शन होते. इथून पुणे-मुंबई गाठता येई आणि बेळगाव, धारवाड, हुबळीमार्गे म्हैसूरही. मैफलींवर पोट असणाऱ्या कलावंताला याहून सोयीचे ठिकाण नव्हते.

मिरजेतल्या ख्वाजा शमसुद्दीन मिरासाहेब दर्ग्याशी त्यांचे नाते तर श्रद्धेचे होते. प्लेगच्या दिवसांत आजारी पडलेले खाँसाहेब दर्ग्याच्या कृपेने बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत आजही सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी दर्ग्याच्या आवारात त्यांनी अनेकदा स्वरसेवा केली आणि पुढे त्यांचे दफनही तिथेच झाले, ही वस्तुस्थिती आहे.

त्यांच्या गाण्यावर कुणाचे प्रभाव होते?

पहिला प्रभाव घरचा, सारंगी आणि बीनचा. दुसरा मोठा प्रभाव रहिमत खाँ यांचा. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ यांचे हे पुत्र भूगंधर्व म्हणून ओळखले जात. त्यांना महाराष्ट्रात सांभाळले ते विष्णुपंत छत्रे यांनी. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे छत्रे मूळचे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. ते स्वतः हद्दू खाँ यांच्याकडे गाणे शिकले होते. गुरुपुत्राची आबाळ झालेली पाहून त्यांनी त्याला आपल्याजवळ ठेवले. सर्कशीचा तंबू जिथे जाई, तिथे रहिमत खाँ जात. विष्णुपंतांच्या पश्चात छत्रे कुटुंबानेच त्यांना सांभाळले आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडला त्यांचे निधन झाले. कुरुंदवाड मिरजेपासून फार दूर नाही. रहिमत खाँ यांचा सुरेल, करुण, तारसप्तकात सहज फिरणारा आवाज अब्दुल करीम यांच्या मनावर खोल ठसा उमटवून गेला. दोघांनीही ध्वनिमुद्रित केलेली भैरवीतील एकच ठुमरी लागोपाठ ऐकली, तर हे नाते कुणालाही कळते.

तिसरा प्रभाव दक्षिणेचा. म्हैसूर दरबारात खाँसाहेबांचे येणे-जाणे होते. तिथून त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. उत्तरेच्या अनेक गायकांनी दक्षिणेत मैफली केल्या, पण तिथले संगीत मनापासून समजून घेणारे फार थोडे. खाँसाहेबांनी कर्नाटक पद्धतीची सरगम आपल्या आलापीत आणली. त्यागराजांच्या कृती शिकून त्यांचे ध्वनिमुद्रण केले. दक्षिणेतले राग गाऊन उत्तरेच्या श्रोत्यांना त्यांची गोडी लावणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

चौथा प्रभाव मराठी मातीचा. मराठी संगीत नाटकांचा तो सुवर्णकाळ होता. मिरज-सांगली तर नाटकाचे माहेर. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली दरबारात पहिले नाटक केले, ते याच पट्ट्यात. खाँसाहेबांनी नाट्यगीतेही गायली आणि ध्वनिमुद्रित केली. मातृभाषा मराठी नसलेल्या, कैरान्यातून आलेल्या गायकाने मराठी पदे गावीत आणि मराठी श्रोत्यांनी ती डोक्यावर घ्यावीत, हे त्या काळात सोपे नव्हते.

गिटारचा याच्याशी काय संबंध?

आता पुन्हा त्या खोलीतल्या गिटारकडे येऊ. गिटारच्या मानेवर धातूचे पडदे ठोकून बसवलेले असतात. वादक त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने सरकवता येतात, गिटारचे येत नाहीत. हे पडदे एका गणिताने बसवलेले असतात. एका सप्तकाचे बारा समान भाग केले जातात. पट्टी कुठलीही घेतली तरी वाद्य सारखेच चालावे, ही त्यामागची सोय. पियानो आणि पेटी यांचेही गणित हेच.

ही सोय फुकट मिळत नाही. उदाहरण घेऊ. षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर तंबोऱ्याशी नैसर्गिकपणे मिळणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर येतो. दोघांचे प्रमाण चारास पाच, अगदी सरळ. गिटारच्या पडद्यावरचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ हर्ट्झवर येतो. फरक दोन-अडीच हर्ट्झचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण मागे तंबोरा चालू असेल तर दोन सूर एकमेकांना घासतात आणि कानात थरथर उमटते. मघाशी उल्लेख केलेले खटकणे ते हेच.

पंचमाच्या बाबतीत हा त्रास जवळजवळ नाही. शुद्ध पंचम ३६० हर्ट्झ, गिटारचा सुमारे ३५९.६. म्हणून गिटारवर सा आणि प गोड लागतात, तर गंधार, धैवत, निषाद चढे वाटतात. कोमल गंधार उलट उतरलेला वाटतो.

तंबोरा तर हा फरक लपूच देत नाही. चांगली जवारी असलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार कंप पावते तेव्हा मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनेही निर्माण होतात. त्यातले पाचवे कंपन म्हणजे गंधार. म्हणजे तंबोरा वाजवणाऱ्याने गंधाराची तार लावलेली नसतानाही खरा गंधार तिथे हजर असतो. किराणा गायकीने हा स्वर ऐकून त्यात मिसळण्याला साधनेचे स्थान दिले.

सांगलीच्या देवलांनी कोणता प्रयोग केला?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही पडला होता आणि त्यावर काम झाले ते सांगलीतच. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आपल्या प्राचीन ग्रंथांत सांगितलेल्या २२ श्रुती प्रत्यक्षात कुठे येतात, हे मोजून दाखवायचे त्यांनी ठरवले. मोजायचे तर अचूक गाणारा गळा हवा. देवल यांना तो शेजारच्या मिरजेत मिळाला. अब्दुल करीम खाँ यांनी गाऊन स्वर दाखवायचे आणि देवल यांनी त्यांची मोजणी करायची, असे हे काम चालले. १९१० मध्ये देवल यांचे हिंदू स्वरसप्तक आणि २२ श्रुती या विषयावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

ब्रिटिश सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनाही या विषयाने झपाटले. त्यांनी भारतीय संगीतावर पुस्तक लिहिले. देवल यांच्या मोजणीवर आधारलेली श्रुती-पेटी लंडनमध्ये बनवून घेण्यात आली. नेहमीच्या पेटीत एका सप्तकात बारा स्वर, या पेटीत त्याहून अधिक. कल्पना अशी, की राग कुठलाही असो, योग्य श्रुती पट्टी दाबून मिळावी.

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिच्या आयोजनात प्रमुख होते. श्रुती-पेटीवर तिथे जोरदार वाद झाला आणि परिषदेने तिचा स्वीकार केला नाही. गायकाच्या गळ्यातली श्रुती रागाप्रमाणे, आधीच्या आणि नंतरच्या स्वराप्रमाणे सरकत असते. तिला एका जागी खिळवणारी पट्टी कितीही बारीक असली, तरी ती पट्टीच राहते. देवल यांनी श्रुतीचा ठावठिकाणा शोधला, पण तो कायमचा पत्ता नव्हता.

पेटीचा हा प्रश्न पुढेही संपला नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. बारा समान स्वरांचे वाद्य भारतीय रागाला न्याय देत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आज गिटारबद्दल जी शंका घेतली जाते, ती आधी पेटीबद्दल घेऊन झाली आहे.

मिरजेच्या तंबोऱ्यांचा यात काय वाटा?

स्वर इतका बारकाईने ऐकायचा, तर तंबोराही तसा हवा. मिरजेत ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली, संस्थानिक पटवर्धनांनी आश्रय दिला आणि तलवारींना धार लावणारे हात जवारी घासू लागले. पुढे हे कुटुंब सतारमेकर याच नावाने ओळखले गेले. वाद्याला लागणारे मोठे भोपळे पंढरपूर परिसरातून येतात.

जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीची तारेखालची किंचित उतरती सपाटी. ती कानसीने घासताना केसाइतका फरक झाला तरी नाद बदलतो. तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधली जाते. खाँसाहेबांना वाद्यांची दुरुस्ती स्वतः येत असे आणि तंबोरा मनासारखा लागेपर्यंत ते गाणे सुरू करत नसत. मिरजेत राहण्याचे आणखी एक कारण इथे दिसते. त्यांच्या कानाला पटेल असे वाद्य करणारे कारागीर तिथे होते आणि कारागिरांना पारख करणारा कान खाँसाहेबांच्या रूपाने गावातच होता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या देवाणघेवाणीचा मोठा इतिहास आहे.

विद्यालय, शिष्य आणि मोडलेले घर

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. शिष्यांनी गुरूच्या घरी राहून शिकायचे, ही जुनी पद्धत त्यांनी संस्थेत आणली. मुस्लिम उस्तादाच्या विद्यालयात सर्व थरांतील हिंदू मुले शिकत होती. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे त्यांचे सर्वांत गाजलेले शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहरेबुवा आणि पुढे रोशनआरा बेगम हेही त्यांच्याच तालमीतले. सवाई गंधर्वांकडून ही विद्या गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत आली.

विद्यालय वाढत असताना घर मात्र मोडले. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर, सकीना सरस्वती. कृष्णराव आणि कमलाबाई ही आणखी दोघे. पाचही जणांनी वडिलांचे आडनाव लावले नाही. तरी त्यांच्या गळ्यातून किराण्याचा सूर गेला नाही. जन्माने मिरजकर असलेल्या हिराबाई पुढे तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या महिला गायिकांपैकी एक ठरल्या. सरस्वतीबाई राणे यांनी चित्रपटांसाठी पार्श्वगायनही केले. सुरेशबाबूंकडे काही काळ भीमसेन आणि माणिक वर्मा शिकल्या-शिकले, प्रभा अत्रे यांनी तालीम घेतली.

या फुटीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. जगाला स्वर जुळवून दाखवणाऱ्या माणसाला स्वतःचे घर जुळवून ठेवता आले नाही. ताराबाईंनी एकटीने पाच मुले वाढवली आणि पाचही गाण्यात उभी केली. किराणा घराण्याचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव अनेकदा एका ओळीत संपते, पण महाराष्ट्रात हे घराणे घरोघरी पोहोचले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

तीन मिनिटांच्या तबकडीने काय साधले?

खाँसाहेबांचे पहिले ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या दाबाने मेणाच्या थाळीवर रेषा कोरली जायची. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी विद्युत तंत्राने ध्वनिमुद्रणे केली. आज आपण ऐकतो ती प्रामुख्याने हीच. तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मिळत.

तासभर एक राग गाणाऱ्याला तीन मिनिटे म्हणजे किती कमी, याचा विचार करा. खाँसाहेबांनी घाई केली नाही. दोन-चार स्वरांची ओळख करून देत त्यांनी रागाचा चेहरा उभा केला. लहानग्या भीमसेन जोशींनी त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकली आणि असेच गाणे शिकायचे या ओढीने घर सोडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्याला गुरूंपर्यंत पोहोचता येत नव्हते, त्याच्यापर्यंत गुरूंचा आवाज यंत्राने पोहोचवला.

आज मोबाइलवर तुकडा रेकॉर्ड करणाऱ्यालाही वेळेचे बंधन आहेच. फरक एवढाच, की त्याला चूक झाल्यावर पुन्हा वाजवता येते, सूर संगणकावर सरळ करता येतो. मेणाच्या थाळीवर ती सोय नव्हती.

गिटार रागाच्या जवळ कशी गेली?

पडद्यांची अडचण जगात दुसरीकडेही सुटली होती, वेगळ्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू या तरुणाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी दांडी सरकवत वाजवण्याची पद्धत लोकप्रिय केली. तारा पडद्यांना टेकतच नाहीत. त्यामुळे दोन स्वरांमधली कुठलीही जागा मिळते आणि मींड सहज येते. हवाईयन संगीतकार टाऊ मो यांचा मुक्काम १९४० च्या दशकात कोलकात्यात होता आणि त्यांच्यामुळे या गिटारची ओढ भारतात पसरली. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना वाजवणारे व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग रेडिओवरून घराघरांत पोहोचले.

रागसंगीतात या गिटारला मान मिळवून दिला तो ब्रिजभूषण काब्रा यांनी. ते अली अकबर खाँ यांचे शिष्य. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेल्या कॉल ऑफ द व्हॅली या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार आहे. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले. या सर्वांनी गिटार बदलली ती गळ्याचे गाणे तारेवर यावे म्हणून. सारंगीने अब्दुल करीम यांना जे शिकवले, तेच पोलादी दांडीने गिटारला दिले.

घरी रेकॉर्ड करणाऱ्याने काय करावे?

साध्या, पडद्यांच्या गिटारवरही बरेच काही साधता येते. सहा तारांपैकी दोन-तीन तारा फक्त षड्ज आणि पंचमात लावून मोकळ्या सोडल्या, तर वाद्य स्वतःच तंबोऱ्याचे काम करते. स्वर लावण्याच्या अॅपवर काट्याशेजारी सेंट हे माप दिसते. दोन लगतच्या पडद्यांमधले अंतर १०० सेंट. शुद्ध गंधार पडद्याच्या सुमारे १४ सेंट खाली असतो.

तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून शुद्ध गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवल्यास तो आधीच चढलेला असतो आणि खाली आणायचा मार्ग नसतो. त्याऐवजी एक पडदा मागे, कोमल गंधारावर बोट ठेवून तार ओढत वर गेले, तर खरा गंधार वाटेतच भेटतो. सतारीवरची मींड अशीच निघते. कुठे थांबायचे हे डोळ्यांनी कळत नाही. मागे तंबोरा चालू ठेवून थरथर थांबेल तिथे थांबायचे. रेकॉर्ड करताना तंबोरा कानातल्या हेडफोनमध्ये असला आणि त्याची पट्टी गिटारच्या षड्जाशी नेमकी जुळली, म्हणजे पुरे.

आणि गाणे ऐकायचे. रहिमत खाँ, अब्दुल करीम, सवाई गंधर्व, हिराबाई, भीमसेन या क्रमाने एकच भैरवी ऐकली, तर आपल्या बोटांत कुणाचे काय आले आहे ते ओळखता येते.

खाँसाहेबांचा शेवट कसा झाला?

ऑक्टोबर १९३७ मध्ये ते दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला श्री अरविंद आश्रमात जायचे होते. वाटेत गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले आणि ते सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावरच अंथरूण घातले गेले. त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, नमाज अदा केली आणि दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना गात २७ ऑक्टोबर १९३७ रोजी प्राण सोडला. वय ६४ वर्षे. आयुष्यभर रेल्वेने उत्तर आणि दक्षिण जोडत हिंडलेल्या गायकाचा अखेरचा स्वर रेल्वेच्या फलाटावर लागला.

त्यांना मिरजेला आणून मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली देशभरातले गायक-वादक हजेरी लावतात. श्रोत्यांना तिकीट नसते. माधवनगर, बुधगाव, सांगलीचे रसिक रात्री उशिरापर्यंत बसून असतात. घरी गिटार वाजवणाऱ्या तरुणाने एकदा तरी तिथे पुढच्या रांगेत बसावे. गाणे सुरू होण्याआधी तंबोरे जुळवले जात असतात, तेव्हा षड्जाच्या तारेतून न वाजवलेला गंधार तिथे ऐकू येतो.